कंबर, खुर्ची आणि अमळनेर

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी बराच अडखळलो होतो, मध्येच खालून भंगारवाला ओरडत गेला, ते सगळं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे. आजचा विषय आहे कंबर. पण आपण पडलो इतिहासवाले, त्यामुळे थेट कंबरेवर येणार नाही. आधी यावलच्या एसटी स्टँडवर येऊ.

गेल्या दिवाळीत पुण्याहून रात्रभर प्रवास करून भुसावळला उतरलो आणि तिथून एसटीने यावल. स्टँडवर बस थांबली, सॅक उचलली आणि शेवटच्या पायरीवर कंबर धरली. म्हणजे अशी धरली की सरळही होता येईना आणि वाकताही येईना. मागून लोकांचं "चला ना भाऊ" चालू. काका मोटरसायकल घेऊन न्यायला आले होते. लांबूनच हसले. "काय रे भो, म्हातारा झाला का?" मीही हसलो. मी २८ वर्षांचा, काका ५६ चे. त्यांनी माझी सॅक एका हाताने उचलली आणि टाकीवर ठेवली.

ती दिवाळी मी गादीवर पडून काढली. आई विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून शेकत होती. भाऊबीजेला ताईची दोन वर्षांची पोरगी "मामा, उचल" म्हणत हात वर करून उभी राहिली आणि मला तिला उचलता आलं नाही. ते मला फार लागलं.

गावातल्या डॉक्टरांनी मला झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली, पायाच्या बोटांत ताकद आहे ना ते बघितलं. म्हणाले, शिरेचं काही दिसत नाही, स्नायू आखडलेत. मग विचारलं, "दिवसात किती तास बसतोस?" मी म्हटलं, नऊ-दहा. "आणि मध्ये उठतोस किती वेळा?" सर्व्हर दिवसातून किती वेळा रीस्टार्ट झाला हे मी लॉग बघून सांगेन. हे काही सांगता येईना.

पडल्या पडल्या माळ्याकडे लक्ष गेलं. तिथे माझ्या आजोबांचं उतरतं लाकडी मेज पडलंय. आजोबा एका आडत दुकानात दिवाणजी होते. गादी, मागे लोड, पुढे हे मेज आणि त्यावर लाल कापडाची चोपडी. तेही आयुष्यभर बसूनच काम करत होते की! मग त्यांचं कसं चालायचं? आजचा भाग या प्रश्नातून निघाला.

सुरुवात जरा लांबून करू. इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे एक डॉक्टर होते. कामगारांच्या आजारांवर त्यांनी १७०० साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तू काम काय करतोस' हेही विचारा, असं ते बाकीच्या डॉक्टरांना सांगायचे. १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी कारकून आणि लेखनिकांना घेतलं. या लोकांना त्रास का होतो याची त्यांनी तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून डोक्यावर असलेला ताण. आता यात बोरू काढून कीबोर्ड घाला. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने माझं स्प्रिंट प्लॅनिंग पाहिलं होतं की काय, असं वाटतं.

त्याच काळात आपल्याकडे कुलकर्णी, फडणीस, सावकारांचे दिवाणजी जमिनीवर बसून मोडीत लिहीत होते. आता इथे एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड आडवा येतो, 'आपले पूर्वज जमिनीवर बसायचे म्हणून त्यांना कंबरदुखी नव्हती' वगैरे. मला हा फॉरवर्ड अजिबात पटत नाही. आजोबांचे गुडघे साठीतच गेले होते. आणि काका? त्यांचं ऑफिस म्हणजे केळीची बाग. त्यांची कंबरही दुखतेच, फक्त ती घड उचलून आणि वाकून दुखते.

पण आजोबांबद्दल आईने एक गोष्ट सांगितली आणि मला तीच कामाची वाटली. आजोबा एका जागी बसायचे, पण एका पद्धतीने बसायचे नाहीत. हिशेब लिहिताना मांडी. जरा वेळाने एक गुडघा वर आणि चोपडी त्या गुडघ्यावर. गिऱ्हाईक गप्पा मारायला लागलं की लोडाला टेकून पाय लांब. वजनकाट्यापाशी काही झालं की उठून तिकडे. माठ दाराशी, त्यामुळे पाण्यालाही उठायचं. गादीला ना हात होते ना पाठ. एका स्थितीचा कंटाळा आला की शरीर आपोआप दुसरी शोधायचं. माझ्या खुर्चीला पाच खटके आहेत. ती मला इतकी नीट धरून ठेवते की चार तास मी हललो नाही हे माझ्या लक्षातही येत नाही.

'खुर्ची' हा शब्द मुळात अरबी 'कुर्सी'. पूर्वी आपल्याकडे खुर्ची म्हणजे मान होता. ती दरबारात असायची, साहेबासमोर ती मिळाली तर मोठी गोष्ट. रोजच्या कामाची वस्तू म्हणून ती पसरली इंग्रजी अमदानीत. कचेरी, शाळा, रेल्वे स्टेशन, मग गिरण्यांची ऑफिसं. आजही कुणी 'खुर्ची सोडत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा सत्तेबद्दल बोलत असतो. माझ्या बाबतीत मात्र ते शब्दशः खरं होतं.

आता येऊ अमळनेरला. यावलहून भुसावळ, जळगाव आणि तिथून सुरतेच्या दिशेने जाणारी गाडी पकडली की अमळनेर. आपल्याच जिल्ह्यातलं गाव. शाळेत असताना मला ते फक्त दोन गोष्टींसाठी माहीत होतं. साने गुरुजी आणि प्रताप शेठजींची गिरणी. तिसरी गोष्ट मला कंबर धरल्यावर कळली.

जगन्नाथ गणेश गुणे नावाचे एक संस्कृतचे विद्वान होते. जन्म १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. तरुणपणी बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात शरीर कमावलं. डोक्यात टिळक आणि स्वराज्य. १९१६ ते १९२३ या काळात हे गुणे अमळनेरला शिकवत होते. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या तिथल्या नॅशनल कॉलेजचे ते प्राचार्य होते. तिथलं राष्ट्रीय वातावरण इंग्रज सरकारला खुपलं आणि १९२३ मध्ये ते कॉलेज बंद पाडलं गेलं.

अमळनेरच्या याच वर्षांत, १९१९ च्या सुमारास, नर्मदाकाठच्या मालसरला त्यांना माधवदासजी नावाचे योगी गुरू भेटले. त्यांच्याकडे ते योग शिकले. इथवरची गोष्ट नेहमीची आहे, गुरू भेटले आणि शिष्याचं आयुष्य बदललं. पण गुण्यांनी यानंतर जे केलं ते मला भारी वाटतं. योगाने शरीरात जे घडतं ते खरंच कसं घडतं, हे त्यांना मोजून बघायचं होतं. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक्स-रे काढले. ज्या काळात खेड्यातल्या माणसाने एक्स-रे हा शब्दही ऐकला नव्हता, त्या काळात! नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, म्हणजे निर्वात तयार होतो, हे त्यांनी उपकरण लावून दाखवलं. त्याला गुरूंच्या नावावरून 'माधवदास व्हॅक्यूम' असं नाव दिलं.

कॉलेज बंद झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. त्यात एका बाजूला तत्त्वज्ञान आणि दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेतली मोजमापं. तोवर जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखायला लागलं होतं. मी पुण्याला येता-जाता लोणावळ्यात चिक्की घेत होतो, कैवल्यधामची पाटीही पाहिली होती. तिथला माणूस आमच्या जिल्ह्यात मास्तरकी करून गेलाय, हे कुणी सांगितलंच नाही.

योगाच्या इतिहासात मला चमत्कारांपेक्षा हा माणूस जवळचा वाटतो, कारण त्याची पद्धत ओळखीची आहे. श्रद्धा ठेव, पण टेस्ट कर. आणि प्रत्येकाला सगळंच झेपणार नाही, तर सोपी आवृत्ती दे. पाठीचा कणा पिळणारं अर्धमत्स्येंद्रासन नवख्याला जमत नाही, म्हणून कैवल्यधामच्या परंपरेत आधी वक्रासन शिकवतात. एक पाय लांब, दुसरा गुडघ्यात उभा आणि धड वळवायचं. हे वक्रासन लक्षात ठेवा, पुढे ते खुर्चीवर येणार आहे.

कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ ला गेले. आणि या १९६६ ची एक गंमत आहे.

अमळनेरलाच २९ डिसेंबर १९४५ ला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' नावाची वनस्पती तुपाची कंपनी नोंदली गेली. एम. एच. हशम प्रेमजी यांची. १९६६ मध्ये त्यांचं निधन झालं आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकणारा २१ वर्षांचा मुलगा, अझीम, शिक्षण अर्धवट सोडून कारभार बघायला परत आला. पुढे त्या लांबलचक नावाचं आद्याक्षरांचं 'विप्रो' झालं आणि १९८० च्या सुमारास तूप-साबणवाली कंपनी संगणकात उतरली. अमळनेरच्या कित्येक घरांत आजही त्या जुन्या शेअर्सच्या गोष्टी सांगतात. (मी विप्रोत नाही, उगाच कमेंट नकोत.)

म्हणजे बघा, ज्या धंद्याने माझ्यासारखी लाखो पोरं खुर्चीला बांधली त्याची एक मुळी अमळनेरात, आणि त्या आखडलेल्या कंबरेला जे उतारे आज सांगतात त्यांचीही एक मुळी अमळनेरात. गुण्यांच्या वर्गात आणि तुपाच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षांचं अंतर. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, मी ओढून-ताणून जोडत नाहीये. पण गाव तेच.

१९६६ मध्ये अजून एक गोष्ट झाली. बी. के. एस. अय्यंगार यांचं 'लाइट ऑन योगा' प्रसिद्ध झालं. अय्यंगार १९३७ पासून पुण्यात योग शिकवत होते. कुवलयानंदांच्या हातात एक्स-रे होता, तर अय्यंगारांच्या हातात दोरी, वीट, पट्टा आणि खुर्ची. ती खुर्ची म्हणजे लग्नाच्या मांडवात असते ना, तसली घडीची लोखंडी. तिच्या पाठीचा पत्रा काढून टाकायचा, म्हणजे पाय आरपार घालता येतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्कूटरच्या अपघातांत त्यांच्या स्वतःच्या पाठीला मार बसला होता आणि त्यातून सावरताना त्यांनी या साधनांचा खूप उपयोग केला. शिवाजीनगरच्या त्यांच्या संस्थेत म्हातारे, आजारी, ताठ झालेले लोक त्या खुर्चीवर बसून भारद्वाजासन करायचे. जी वस्तू कंबर आखडवते तीच कंबर सोडवायला वापरायची, ही कल्पना मला जाम आवडली.

आता थोडं विज्ञान, कारण इथे बरीच फेकाफेक चालते. 'बसणं हे उभं राहण्यापेक्षा मणक्याला जास्त वाईट', हे वाक्य मूळ कुठलं? १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. बसल्यावर, आणि पुढे वाकून बसल्यावर तर फारच, दाब वाढलेला दिसला. तो आलेख खुर्च्यांच्या जाहिरातींत अजून फिरतोय. पण १९९९ मध्ये जर्मनीत हान्स-योआखिम विल्के यांच्या गटाने नव्या उपकरणाने पुन्हा मोजलं. माणूस एकच होता, हे ध्यानात ठेवा. आरामात बसलेल्या त्या माणसाच्या चकतीतला दाब उभं राहण्यापेक्षा जास्त आलाच नाही, उलट थोडा कमीच आला. दाब सतत बदलता राहणं चकतीच्या पोषणासाठी महत्त्वाचं, असं त्यांनी मांडलं. चकतीला थेट रक्तपुरवठा जवळपास नसतो, दाब कमी-जास्त झाला की पाणी आत-बाहेर होतं. हे वाचताना मला आजोबांची मांडी, वर केलेला गुडघा आणि लोड आठवला.

आणि योगाने कंबरदुखी जाते का? ब्रिटनमध्ये यॉर्कच्या संशोधकांनी जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांवर चाचणी घेतली, २०११ मध्ये ती छापून आली. अर्ध्या लोकांना तीन महिन्यांत १२ वर्ग दिले. वर्ग मिळालेल्यांना वाकणं, चालणं, रोजची कामं करणं वर्षभरानंतरही इतरांपेक्षा बरं जमत होतं. दुखण्याच्या गुणांत मात्र मोठा फरक निघाला नाही. म्हणजे जादू नाही. पण भाचीला उचलता येणं हे माझ्या लेखी 'रोजची कामं' यातच येतं.

बरं, मी काय करतो ते सांगतो. डॉक्टरांनी आणि नंतर पुण्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवलेलं आहे. हेडफोन लावून बसलाच असाल तर सोबत करा. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा किंवा कमजोरी असेल, पडल्यावर दुखायला लागलं असेल, दुखण्यासोबत ताप असेल, तर करू नका, आधी डॉक्टर. आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चाकाची खुर्ची भिंतीला टेकवा, नाहीतर ती पळते आणि मीटिंगमध्ये तुमची शोभा होते (अनुभव आहे). पुढच्या अर्ध्या भागावर बसा, दोन्ही पावलं पूर्ण जमिनीवर. हात गुडघ्यांवर. श्वास सोडत कंबर मागे गोल करा, हनुवटी छातीकडे. श्वास घेत ओटीपोट पुढे, छाती वर. घाई नको, आठ-दहा वेळा. पहिल्या दोन-तीन वेळा कंबर कुरकुरते, मग सैल पडायला लागते. माझ्यासाठी सगळ्यात उपयोगी हेच ठरलं, आणि पलीकडच्या टेबलावरच्याला कळतही नाही.

मग वक्रासनाचा खुर्चीवरचा भाऊ. डावा हात उजव्या गुडघ्याच्या बाहेरून, उजवा हात मागे सीटवर. श्वास घेताना उंच व्हा, सोडताना उजवीकडे वळा. जोर हाताचा लावायचा नाही, हात फक्त आधाराला. वळणं बरगड्यांपासून सुरू करा, मान सगळ्यात शेवटी. तीन-चार श्वास थांबा, मग दुसरी बाजू. बिनहाताची खुर्ची असेल तर तिच्यावर आडवं बसून दोन्ही हातांनी पाठ धरा आणि तिकडे वळा, हे अय्यंगारांकडचं.

त्यानंतर उजव्या पायाचा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवा, चार आकड्यासारखं, आणि पाठ सरळ ठेवून किंचित पुढे झुका. ताण कंबरेत जाणवत नाही, कुल्ल्यात जाणवतो. तिथले स्नायू तासनतास दाबले गेलेले असतात. साधारण अर्धा मिनिट, मग पाय बदला. पुढे पूर्ण वाकून हात पावलांकडे सोडणं हा प्रकारही लोक सांगतात. मला तो बरा वाटतो, पण कळ पायात उतरत असेल तर तो करू नका, असं ताईंनी बजावलंय. शेवटी उठायचं आणि बाटली भरून आणायची. मी मुद्दाम छोटी बाटली घेतलीय. आजोबांचा माठ दाराशी होता, माझा कूलर पॅसेजच्या टोकाला आहे.

एकूण चार मिनिटं. ती काढणं इतकं अवघड का वाटतं, याचाही इतिहास आहे. गिरणीत भोंगा असायचा. कामाचा भोंगा आणि सुटीचा भोंगा. तो कितीही क्रूर असला तरी सगळ्यांना एकदम उठवायचा. जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर व्यायाम लागतो आणि तिथे कारखान्यात, ऑफिसात लोक एकत्र हात-पाय हलवतात. आपल्याकडे आयुष मंत्रालयाने पाच मिनिटांचा 'वाय-ब्रेक' आणला, २०२१ मध्ये त्याचं ॲप आलं, आणि २०२३ च्या जूनमध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना खुर्चीवरच करायचा प्रकारही सांगितला गेला. आमच्यासारख्या खाजगी ऑफिसात ना भोंगा, ना रेडिओ. तिथे स्क्रीनवरचा हिरवा ठिपका पिवळा झाला की जीव खालीवर होतो. माझ्या एका जुन्या ऑफिसात, नाव नको, मी दुपारी खुर्चीत वळत होतो तर मॅनेजर म्हणाले, "काय, झोप येतेय का?" त्यानंतर कित्येक महिने मी वळलोच नाही. दिवाळीत जे झालं त्याची सुरुवात तिथे झाली असावी, असा माझा तर्क आहे. मॅनेजरला सगळा दोष देता येत नाही, दुसऱ्या दिवशी मीही त्याच कंबरेने दहा तास बसलो होतो.

आता दर पाऊण तासाने माझा फोन थरथरतो. पहिला आठवडा एकटाच करत होतो. मग शेजारची एक मैत्रीण बाटली घेऊन उठायला लागली, आता आम्ही चौघं आहोत. दुपारी चारला सगळे मिळून वळतो, त्याला आम्ही 'भोंगा' म्हणतो.

होळीला यावलला गेलो होतो. भाचीला उचललं, पण खाली बसून, तिला छातीशी धरून आणि मग पायांच्या जोरावर उठून, काका केळीचा घड उचलतात तसं. काकांनी ते बघितलं आणि संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या विचारलं, "ते खुर्चीवरचं मला बी दाखव, माझी बी धरते." घरातली एक प्लास्टिकची खुर्ची आणली. काका आधी हसत होते. मग उजवीकडे वळले, डावीकडे वळले, पुन्हा उजवीकडे. आईने आतून विचारलं, काय चाललंय? काका म्हणाले, "थांब वहिनी, अजून एक बाजू राहिली."

चला, पुढच्या भागात भेटू. अमळनेरच्या गिरणीवर कुणाच्या घरच्या आठवणी असतील तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आतली. आणि ती उभं राहून रेकॉर्ड केलीत तर बरं.